कापशीच्या नाकावरची जखम भरत नाहीये, डॉक्टर कॅन्सर म्हणतात. रेडिएशनबद्दल कुणाला माहिती आहे का?

बार्देसकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही म्हापशाच्या जवळ राहतो, जुनं कौलारू घर, पुढे बाल्कांव आणि चिऱ्यांची कंपाउंड वॉल. आमची मांजरी कापशी नऊ वर्षांची, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेली, पूर्ण पांढरी, नाक आणि कानांची टोकं गुलाबी. सकाळी उन्हं आली की ती भिंतीवर जाऊन पडते ते जेवायच्या वेळेलाच उतरते, लहानपणापासून हेच.

शिगम्याच्या सुमारास तिच्या नाकावर एक काळी खपली दिसली. खपली पडते, थोडं रक्त येतं, परत खपली धरते. ट्यूब लावली, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, चार दिवस सुकल्यासारखी दिसते आणि पुन्हा तेच. आता एका नाकपुडीची कड थोडी खाल्ल्यासारखी दिसायला लागलीये आणि डाव्या कानाचं टोक लाल, जाड, खरखरीत झालंय. डॉक्टरांनी सुई घालून थोडे सेल काढून बघितले, त्यांना स्क्वेमस सेल कार्सिनोमाचा (कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर) संशय आहे, बायोप्सी करायची म्हणाले. त्यांचं म्हणणं नाकाच्या जागेला रेडिएशन चांगलं असतं पण ती सोय आपल्याकडे नाही.

मला विचारायचंय की मांजराला रेडिएशन देतात म्हणजे नक्की काय करतात, दुखतं का, किती वेळा न्यावं लागतं? घरात भावाची लहान मुलगी आहे, कापशी तिच्याच पांघरुणात झोपते, तर रेडिएशन घेऊन आलेल्या मांजरापासून तिला काही होईल का? आणि माणसांच्या हॉस्पिटलात मशीन असतं तिथे विनंती केली तर करतात का?

एक कळकळीची विनंती, 'मांजरच आहे, वय झालंय, जाऊ दे' असं कृपया कुणी लिहू नका.

रामनाथीची_आत्या

बाय, वाचून जीव कळवळला. आमच्या घरी पण दोन पांढरी आहेत. आम्ही जखमेला हळद आणि खोबरेल लावतो, बरं वाटतं. रेडिएशनचं मात्र मला पटत नाही गो, माझ्या जावेला दिलं होतं तेव्हा तिची कातडी कशी भाजली होती ते मी जवळून पाहिलंय, मुक्या जनावराला ते कसं सोसणार? मी फक्त मनातलं बोलले, राग मानू नकोस.

बांगडाप्रेमी

वाचतोय. आमच्याही बोक्याला जिभेखाली असंच काहीतरी झालंय, लाळ गळते. तोच आजार का?

सत्तरीकर

ताई, मी जनावरांचा डॉक्टर, जास्त काम गाईगुरांचं पण मांजरं-कुत्रीही बघतो. कापशीला बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वर्णन या आजाराशी जुळतं. पांढरं मांजर, केस नसलेली गुलाबी जागा, वर्षानुवर्षं ऊन, आणि खपली धरून धरून न भरणारी जखम. नाकाचा शेंडा, कानांची टोकं, पापण्यांच्या कडा, याच तीन ठिकाणी तो बहुतेक वेळा दिसतो, कारण तिथे रंगद्रव्य नाही आणि केसांचं झाकणही विरळ, त्यामुळे अल्ट्राव्हायलेट थेट कातडीच्या पेशींवर पडतं. आपण १५ अंश अक्षांशावर, ऊन वर्षभर डोक्यावरच असतं. सुरुवातीला नुसती लाली आणि खपली असते, मग पेशी बदलतात पण वरच्या थरातच राहतात, आणि मग कधीतरी त्या खाली उतरायला लागतात. हे सगळं हळू चालतं. लांब पसरायला बराच वेळ घेतो, आधी जबड्याखालच्या गाठींत जातो, पण जागच्या जागी मात्र खात सुटतो.

म्हणून बायोप्सी आधी, बाकी सगळं नंतर. सुईने काढलेल्या पेशींवरून अंदाज येतो, तुकडा तपासल्यावर खोली कळते, आणि या आजारात सगळं खोलीवर ठरतं. दुसरं म्हणजे नाकावर न भरणारी प्रत्येक जखम कॅन्सर नसते. अ‍ॅलर्जीचे व्रण असतात, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने कातडीवर केलेला हल्ला असतो, आणि स्पोरोट्रायकोसिस नावाची बुरशी असते, जी मांजराच्या ओरखड्यातून माणसाला लागते. घरात लहान मूल आहे तर रिपोर्ट येईपर्यंत जखमेला हात लावताना ग्लोव्हज घाला आणि तिला मुलीच्या पांघरुणात झोपू देऊ नका.

आत्या, हळदीचा राग नाही, पण मांजर लावलेलं सगळं चाटतं, नाकावर लावलेलं तर क्षणात पोटात जातं, आणि चोळल्याने ही जखम आणखी रक्ताळते. त्याहून महत्त्वाची गोष्ट सगळ्यांसाठीच लिहितो. माणसांच्या त्वचेच्या कॅन्सरवर ५-फ्लुरोयुरॅसिल नावाचं क्रीम मिळतं, ते मांजराला लावलं आणि तिने चाटलं तर झटके येऊन मरते. क्रोसिनसारखी पॅरासिटामॉलची गोळी सुद्धा मांजराला विष आहे, दुखतं म्हणून अर्धीसुद्धा देऊ नका. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध कुत्र्यांत वापरतात, मांजरांत त्याने फुफ्फुसात पाणी भरतं. माणसाचं किंवा कुत्र्याचं औषध मांजराला चालेल असं कधीही गृहीत धरू नका.

कानाची काळजी त्या मानाने कमी. कानाचं टोक निरोगी भागासकट कापून टाकतात, वेळेत केलं तर बऱ्याचदा तिथे तेवढ्यावर भागतं, आणि ऐकण्यात काही फरक पडत नाही. नाक अवघड, कारण कापायला जादा कातडीच नसते.

बांगडाप्रेमी, तोंडातला कॅन्सर याच पेशींचा असला तरी वागणूक फार वेगळी. उन्हाशी त्याचा संबंध नाही, तो पटकन हाडात घुसतो, आणि रेडिएशन दिलं तरी बहुतेक मांजरं काही महिनेच काढतात. पण लाळ दातांच्या नाहीतर हिरड्यांच्या आजारानेही गळते. या आठवड्यातच तोंड उघडून दाखवा, गरज पडली तर भूल देऊन.

मांडवीकाठ

मी माणसांच्या कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशन मशीनवर काम करतो (गोव्याबाहेर), जनावरांचं काम केलेलं नाही पण फिजिक्स तेच असतं म्हणून तेवढंच लिहितो.

मांजराच्या नाकासाठी मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे स्ट्रॉन्शियम-९०, हा एक रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ. पेनासारखी दांडी असते, टोकाला छोटी चकती, तिच्यात स्ट्रॉन्शियम बंद केलेलं. ती चकती थेट जखमेवर टेकवतात आणि ठरलेला वेळ धरून ठेवतात, जखम चकतीपेक्षा मोठी असेल तर बाजूबाजूला सरकवून पुन्हा. हीच उपकरणं मुळात माणसांच्या डोळ्यासाठी बनवली, बुबुळाकडे मांस वाढत जातं ना, उन्हात समुद्रावर राबणाऱ्यांना होतं तो आजार, त्याच्या ऑपरेशननंतर वापरायची. त्यातून निघणारे बीटा कण दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे फारसे जात नाहीत, मृगाच्या पहिल्या सरीने माती वरवर भिजावी तसं. त्यामुळे वरच्या थराला प्रचंड डोस देता येतो आणि खालचं हाड, डोळे, मेंदू सुरक्षित राहतात. बहुतेकदा एकाच भुलीत काम होतं. पण रोग पाच-सहा मिलिमीटर खाली गेला असेल तर तिथे डोस पोचतच नाही, वरून छान भरलं तरी खाली वाढत राहणार. सत्तरीकर डॉक्टर खोली खोली म्हणतायत ते यासाठीच.

दुसरी म्हणजे बाहेरून बीम, म्हणजे मोठ्या मशीनमधून (लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर किंवा ऑर्थोव्होल्टेज एक्सरे मशीन) किरणांचा झोत सोडायचा. हे खोल जातं, पण म्हणूनच डोस तुकड्यातुकड्यांनी द्यावा लागतो, दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःला दुरुस्त करतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. माणूस सांगितलं की हलत नाही, मांजर हलणारच, म्हणजे प्रत्येक तुकड्याला भूल आली. पूर्ण बरं करायच्या हेतूने देतात तेव्हा दहा किंवा त्याहून जास्त वेळा, तीन-चार आठवडे. नुसता त्रास कमी करायचा असेल तर आठवड्यातून एकदा असं थोडक्यात आटपतात.

किरण पडत असताना काही जाणवत नाही, एक्सरे काढताना आपल्याला तरी कुठे जाणवतं. त्रास नंतर होतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जागा लाल, ओली होते, खपली धरते, नाकाच्या आतून सुजतं, शिंका येतात. मग भरून येतं. केस जातात किंवा पांढरे उगवतात, कापशीच्या बाबतीत ते कळणारही नाही. डोळा बीमच्या वाटेत आला तर पुढे मोतीबिंदू किंवा कोरडेपणा येऊ शकतो.

लहान मुलीबद्दल निश्चिंत राहा. या दोन्ही पद्धतींत मांजर रेडिओअ‍ॅक्टिव्ह होत नाही. स्ट्रॉन्शियम चकतीतच बंद राहतं, बीमचं मशीन बंद केलं की संपलं. लोकांचा गोंधळ होतो तो थायरॉइडसाठी मांजराला रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन देतात त्याच्याशी, तिथे औषध अंगात राहतं म्हणून काही दिवस वेगळं ठेवतात.

माणसांच्या हॉस्पिटलातल्या मशीनबद्दल: आपल्या देशात ही मशीनं अणुऊर्जा नियामक परिषदेच्या परवान्याने चालतात, ती परिषद १९८३ पासून आहे, आणि परवाना कुठल्या कामासाठी ते ठरलेलं असतं. शिवाय प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं तिथे रांगेत बसलेली असतात. विनंतीवरून होणारी ही गोष्ट नाही.

स्विंडनवासी

मूळची डिचोलीची, आता इंग्लंडमध्ये. आमच्या बोक्याला इथे स्ट्रॉन्शियम दिलंय म्हणून लिहायलाच हवं. पांढऱ्या-करड्या रंगाचा, नाक गुलाबी, जखम मसुरीच्या दाण्याएवढी होती तेव्हाच आमच्या डॉक्टरने युनिव्हर्सिटीच्या जनावरांच्या हॉस्पिटलात पाठवलं. भूल दिली, काम झालं, संध्याकाळी घरी. घरी आल्यावर पहिले काही आठवडे नाक आधीपेक्षा वाईट दिसत होतं, मोठी खपली, मी घाबरून फोन करायचे आणि ते सांगायचे हे अपेक्षित आहे, ओढून काढू नका. मग एके दिवशी खपली गेली आणि खाली गुलाबी, गुळगुळीत कातडी. पुढे काही काळाने बाजूला नवी लाली आली तेव्हा परत दिलं. त्याच्या कातडीवर इतक्या वर्षांचं ऊन साठलंय की नवीन जागी उगवू शकतं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आम्ही दर महिन्याला नाकाचा फोटो काढून ठेवतो, त्याच खिडकीत त्याच उजेडात, नाहीतर फरक लक्षात येत नाही.

आत्या, जावेचे हाल पाहिल्यावर भीती वाटणं साहजिक आहे हो. पण आमचा त्या संध्याकाळी घरी येऊन जेवला.

रामनाथीची_आत्या

हे वाचून धीर आला. पण इंग्लंडला असेल, आपल्या पोरीने काय करायचं?

पेडण्याची_पोर

मी सांगते. आमच्या मांजरीचं नाक कापून काढलं. रेडिएशनचा प्रश्नच आला नाही कारण जखम खोल गेली होती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रडले, चेहऱ्याच्या मधोमध नुसती दोन भोकं. पण ती महिन्याभरात पूर्वीसारखी उड्या मारायला लागली, तिला काही फरक पडला नव्हता, त्रास आम्हालाच होत होता, आणि तोही सवयीने गेला.

खाण्याचं मात्र आधीच ठरवून ठेवा. मांजर वासावर जेवतं, नाक सुजलेलं असताना वास येत नाही आणि ती ताटलीकडे बघत पण नाही. आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठते आणि मग त्याचाच वेगळा आजार उभा राहतो. म्हणून त्यांनी ऑपरेशनच्या वेळीच मानेतून खाण्याची नळी घातली, त्यातून पातळ खाणं देत होतो, आणि शेजारी वाटीत बांगडा उकडून (मीठ-मसाला काही नाही, काटे काढून) कोमट ठेवत होतो. एके सकाळी वाटी रिकामी मिळाली, मग काही दिवसांनी नळी काढली.

बार्देसकरीण

सगळ्यांचे खूप आभार, देव बरें करूं. रिपोर्ट आलाय. स्क्वेमस सेल कार्सिनोमाच आहे. नाकाचा तुकडा: वरचा थर ओलांडून खाली गेलाय, जखम दोन सेंटिमीटरपेक्षा कमी आहे. कानाचा तुकडा: अजून वरच्या थरातच. जबड्याखालच्या गाठी सुईने तपासल्या, स्वच्छ. छातीचा एक्सरे स्वच्छ. मांजरांच्या एड्सची आणि ल्युकेमियाची टेस्ट निगेटिव्ह. बुरशी नाही.

भाऊ म्हणतो मोठ्या शहरात कुठे रेडिएशन मिळतं का शोधूया, मिळेपर्यंत मलम चालू ठेवूया. आमचे डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करूया. मला रात्री झोप येत नाही, नाक कापायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

सत्तरीकर

ताई, गाठी आणि छाती स्वच्छ ही फार चांगली बातमी, तिचा धीर धरा.

आता माझं मत, जसं माझ्या घरच्या मांजराला लावेन तसं. तुमच्या भावाच्या म्हणण्यातला 'मिळेपर्यंत' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. छोट्या, वरवरच्या जखमेला स्ट्रॉन्शियम उत्तमच आहे, २००७ साली अमेरिकेतून ४९ मांजरांचा अभ्यास छापून आला त्यात ८८ टक्के मांजरांची जखम पूर्ण गेली. पण ती बहुतेक लवकर पकडलेली मांजरं. बाहेरून बीमचा १९९५ चा अभ्यास आहे, ९० मांजरं, ४० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोस १० भागांत, त्यात वर्षभर रोग न वाढता राहिलेली साधारण ६० टक्के आणि पाच वर्षांनी उरलेली १० टक्के. त्यातही जखम जितकी लहान तितका निकाल चांगला. आणि १९९७ चा ६१ मांजरांचा अभ्यास आहे, नाक आणि कान दोन्ही, त्यात शस्त्रक्रिया झालेली मांजरं बर्फाच्या उपचारापेक्षा आणि रेडिएशनपेक्षाही जास्त काळ आजाराशिवाय राहिली. म्हणजे आपल्याकडे रेडिएशन नाही म्हणून नाइलाजाने ऑपरेशन, असं मनात आणू नका. खाली उतरलेल्या जखमेला, कडा स्वच्छ मिळत असतील तर (म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या काठाला रोग नसेल तर), ऑपरेशन हा पहिल्या पसंतीचा उपाय आहे.

भावाला शोधायचं असेल तर जरूर शोधू दे, मुंबईला परळच्या किंवा बेंगळुरूला हेब्बाळच्या व्हेटर्नरी कॉलेजात रिपोर्ट पाठवून मत घ्या, पण फोनवर नेमकं विचारा. प्राण्यांसाठी मशीन आज चालू आहे का, मांजरांना दिलंय का, प्रत्येक वेळी भूल कोण देणार, किती आठवडे तिथे राहावं लागेल. आठवड्याभरात ठोस उत्तर मिळालं तर विचार करा. मलमावर ठेवून पावसाळा काढायचा नाही, आत्ता दोन सेंटिमीटरच्या आत आहे तेव्हाच कापणाऱ्याच्या हाताला जागा आहे.

बर्फाचा उपचार म्हणजे लिक्विड नायट्रोजन, उणे १९६ अंश, तो अगदी वरवरच्या जागांना ठीक, पण गोठवलेला भाग तपासायला पाठवता येत नाही, कडा स्वच्छ आहेत का ते कळतच नाही. इलेक्ट्रोकीमोथेरपी म्हणून एक आहे, ब्लिओमायसिन हे केमोचं औषध देऊन जखमेवर विजेचे झटके देतात म्हणजे औषध पेशीत शिरतं, निकाल चांगले आहेत, तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा कुणाकडे आहे का.

ऑपरेशन केलंत तर कान त्याच भुलीत करून घ्या. कापलेला भाग पूर्ण तपासायला पाठवा, 'कडा तपासा' असं फॉर्मवर लिहायला लावा. कडेला रोग सापडला तर रेडिएशनचा प्रश्न पुन्हा उघडेल, आणि तेव्हा उरलेला रोग डोळ्याला न दिसण्याइतका थोडा असेल, म्हणजे रेडिएशनलाही सोपं. वेदनाशामकाचा डोस इथे कुणाला विचारू नका आणि कुणी सांगूही नका, तो तिच्या वजनावर आणि किडनीच्या रिपोर्टवर ठरतो.

मांडवीकाठ

+१. कडेला थोडंसं उरलेलं असताना दिलेलं रेडिएशन माणसांतही जास्त उपयोगी पडतं.

रामनाथीची_आत्या

डॉक्टरसाहेब, आमच्या दोघींना सनस्क्रीन लावलं तर? आणि पावसात ढगाळ असतं तेव्हा सोडलं तर चालेल ना बाहेर?

सत्तरीकर

आत्या, माणसांचं सनस्क्रीन नको. त्यात झिंक ऑक्साइड किंवा सॅलिसिलेट असतं, दोन्ही चाटून पोटात गेलं तर मांजराला बाधतं. ढगातूनही अल्ट्राव्हायलेट येतं. सकाळी दहा ते दुपारी चार घरात ठेवा, काचेच्या खिडकीत बसू द्या, साधी काच त्यातले जास्त घातक किरण बरेचसे अडवते, सगळे नाही, म्हणून फिल्म लावली तर उत्तम. आंघोळ घालायची, पुसायची तेव्हा कानाच्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं, चुरचुरीत खपली लागली, कड आत वळल्यासारखी वाटली तर आणून दाखवा. आज बोट फिरवून मला सांगा.

रामनाथीची_आत्या

फिरवलं. एकीचा उजवा कान खरखरीत लागतोय. उद्या सकाळीच फोंड्याला दाखवते.

बांगडाप्रेमी

आमच्या बोक्याला दाखवून आलो. दात किडलेत आणि हिरड्या सुजल्यात, गाठ नाही. सत्तरीकर डॉक्टर, तुम्ही 'या आठवड्यातच' म्हणालात म्हणून गेलो, नाहीतर मी चतुर्थीनंतर बघू म्हणत होतो. आभार.

बार्देसकरीण

भावाने फोन केले. एका ठिकाणी नाही म्हणाले, एका ठिकाणी दोन महिन्यांनी विचारा म्हणाले. मग आम्ही दोघं बसून सत्तरीकर डॉक्टरांची पोस्ट परत वाचली आणि ऑपरेशनचं ठरवलं. पुढच्या सोमवारी नाक आणि कान एकत्र. डॉक्टरांना नळीचं विचारलं, ते घालणार आहेत. कडांचं फॉर्मवर लिहून घेतलंय. मुलीला सांगितलंय की कापशीचं नाक दुखतंय म्हणून ते काढणार, ती म्हणाली मग तिने श्वास कुठून घ्यायचा, तिला चित्र काढून दाखवलं.

कॉलर कुठली घ्यायची? इथल्या दुकानात प्लास्टिकची मिळते ती तिच्या मानेला घट्ट होते आणि कड नेमकी नाकाच्या जागी लागते. आणि नळीतून देताना किती पातळ करायचं?

पेडण्याची_पोर

प्लास्टिकची नको, नळीवर घासते. माझ्याकडे कापडाची मऊ आहे, धुवून ठेवलीये, मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतेच तेव्हा आणून देते, मेसेजमध्ये नंबर पाठवा. खाणं मिक्सरमध्ये फिरवून बारीक गाळणीतून गाळायचं, सिरिंजमधून जोर न लावता गेलं पाहिजे इतकं पातळ. द्यायच्या आधी आणि नंतर कोमट पाण्याची सिरिंज सोडायची म्हणजे नळी तुंबत नाही. एकदम भरभर देऊ नका, उलटी होते. पहिल्या दिवशी डॉक्टरांकडून समोर करून दाखवून घ्या आणि भावाला पण शिकवा, एकटीने धरणं आणि देणं दोन्ही जमत नाही.